आधी कंदील

हरिपुरात आमचे आप्पा पेवांतली हळद काढायचे.
पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील.
तो खाली खाली जाई,
आम्ही पोरं काठावर पालथी पडून बघायचो.
विझला, तर गडी म्हणत, पिऊ दे अजून वारा,
आणि लांब जाऊन विड्या पेटवत.
तगला, तर आप्पा धोतर खोचत.

एवढी माझी शाळा.
बाकीचं दस्तगीर मिस्त्रीनं दिलं.

मिस्त्री लग्नाच्या मांडवांना माळा लावायचा
आणि रात्री नाटकांना उजेड.
विंगेत सिमेंटचे चार नळ, त्यांत मिठाचं पाणी,
तळाला एक पत्रा, वर दोरीला दुसरा.
दोरी सोडली की पत्रा खाली
आणि तिकडे रंगमंचावर पहाट.
तिसऱ्या अंकाला पाणी उकळायचं.
नायिका मरत असायची
आणि आमच्याकडे वरण शिजल्यासारखी वाफ.
"भूपाल, मीठ कमी पडलंय, सूर्य अडलाय बघ."
मी मूठभर टाकायचो.
सूर्य जरा घाईनंच यायचा.

एकदा अंबर जिलेटीन संपलं.
सांगलीत हळदीला काय तोटा, म्हणून मी
बटरपेपरला हळद चोळून स्पॉटला लावली.
कोर्टाच्या प्रवेशात न्यायाधीश नवरदेवासारखा पिवळा,
मग कागद धुमसला.
वास सहाव्या रांगेपर्यंत.
मिस्त्री आठवडाभर बोलला नाही.

दिवसा मार्केट यार्डाजवळ मोटारी रिवाइंड करायच्या,
रात्री शिडी.
डाव्या हाताच्या तीन बोटांना आता ऊनऊन काही कळत नाही,
चहाचा कप धरायला बरं पडतं.
स्पर्धेच्या परीक्षणात माझ्या वाट्याला एकच शब्द यायचा.
'प्रकाशयोजना अनुरूप.'
सुगंधानं विचारलं, म्हणजे चांगली की वाईट?
म्हटलं, म्हणजे त्यांना नाटक दिसलं.

आणि बंडोपंत लिमये.
तीस वर्षं हा माणूस माझ्या स्पॉटच्या एक वीत बाहेर उभा राहिला.
खडूनं फुली मारली, चिकटपट्टी लावली, आईवरनं शिव्या दिल्या.
शेवटी एका प्रयोगाला मीच स्पॉट वीतभर सरकवला.
त्या रात्री तो बरोबर फुलीवर आला
आणि अख्खं स्वगत अंधारात म्हणाला.
टाळ्या पडल्या.
खाली मातीला गेलो तेव्हा मी त्याला हे सांगायचं म्हणत होतो.

एकोणीस साली कृष्णा गोदामात शिरली.
आठव्या दिवशी कुलूप उघडलं, तर
स्पॉटांच्या पोटात गाळ, भिंगांवर गाळ,
एका बेबी स्पॉटमध्ये बोटाएवढा मासा.
गच्चीवर सगळे सांडग्यांसारखे वाळत घातले.
शेजारच्या मगदुमांनी विचारलं, भंगारवाल्याला बोलवू का?
सव्वीसातले अकरा लागले.
पहिला लागला तेव्हा
काचेवरची माती तापून
पहिल्यांदाच मला नदीचा रंग भिंतीवर पडलेला दिसला.
असलं जिलेटीन कुठल्या कंपनीकडे नाही.
पुसावं की नाही, बराच वेळ ठरेना.

आता मिस्त्रीची नात शबाना बसते, लॅपटॉप घेऊन.
तिच्या बोटाखाली साठ पहाटा.
एकीलाही वाफ येत नाही.
मी मागच्या रांगेत, दुखरा गुडघा पुढच्या खुर्चीला टेकवून.

"काका, मुलगी येते आणि लाइट येतो, एकदम. बरोबर आहे ना?"
नाही.
"किती आधी?"
श्वासभर.
"पण रिकाम्या स्टेजवर लाइट कशाला?"

मी सांगायला तोंड उघडलं.
हरिपूर, आप्पा, दोरी...
रंगीत तालमीला कुठला एवढा वेळ?
म्हटलं, लाव तर.

तिनं लावला.
मोकळ्या फळ्यांवर गोल उजेड उतरला,
थरथरला थोडा, आणि तगला.

विंगेत त्या पोरीनं
साडीचा घोळ वर खोचला.